ढेकणांचं अन्नदान

सिंहलद्वीपाचा भिक्षू घरी जेवला की गोपीनाथरावांना तीन गोष्टी मिळणार होत्या: पुण्य, मुंबईच्या वर्तमानपत्रात नाव, आणि कल्याणच्या कचेरीतल्या हेडकारकुनाची जळफळ. खर्च फक्त रक्ताचा, तोही दगडू गड्याच्या.

रावांनी पुस्तकात वाचून पंचशील घेतलं होतं. पहिलं शील, प्राणिहत्या नको. म्हणून त्यांची बायको गंगुबाई दर शनिवारी खाटेवर उकळतं पाणी ओतत, ते बंद झालं. महिन्याभरात सुंभातून ढेकूण ओघळू लागले. मग रावांना सुचलं, भुकेल्या जिवाला जेवू घालणं तर आणखी मोठं पुण्य! दगडूनं दिवसा उघड्या अंगानं खाटेवर पडायचं. ढेकूण तृप्त, रात्री राव घोरायला मोकळे.

"धनी, आज तरी सोडा," दगडू खाटेवरून म्हणाला. अंगभर लाल चट्टे, चादरीवर काळपट ठिपके, खोलीत तो ओंगळ वास. "पोराचं बारसं हाय. बायकू मालन म्हणती, तुमाला देवी आल्यात. बारा दिस झालं, पोर हातात देत न्हाई."

"महाराजांना दाखवू, मग जा. तुझ्या पदरी केवढं पुण्य पडतंय, ठाऊक आहे?"

"एवढं पुण्य आहे तर आपणच झोपावं की!" गंगुबाई चुलीपासून म्हणाल्या.

साडेअकराला भिक्षू आला. गयेची गाडी बदलायला उतरलेला हडकुळा म्हातारा. रावांनी त्याला आधी खाट दाखवली. त्यानं दगडूची पाठ पाहिली.

"ये किसलिये?"

"जीवदया, महाराज."

भिक्षूनं दगडूला हात धरून उठवलं आणि स्वतः खाटेवर आडवा झाला.

"अहो, उठा, उठा! वर्तमानपत्रवाला येतोय!" रावांनी त्याला अक्षरशः ओढून काढलं. "दगडू, खाट अंगणात ने! ते भाताचं आधण ओत!"

"मारू, धनी?"

"मार म्हटलं का मी? धू म्हटलं. आटप!"

आटपण्यात पातेलं कललं. अर्धं आधण खाटेवर, अर्धं दगडूच्या हातांवर. सुंभातून लालसर पाणी ठिबकू लागलं.

"शिव शिव!" रावांनी डोळे मिटले. "पाप तुझं हो, दगडू. पाणी तू ओतलंस."

"हाथ इसका, मन तुम्हारा," भिक्षू म्हणाला. "कर्म मन का."

भात पुन्हा चढवला, तोवर बारा टळले. मध्यान्हीनंतर भिक्षू जेवत नाही. तो रिकामं पात्र घेऊन स्टेशनाकडे चालू लागला.

ढेकणांचा जीव गेला, भिक्षूचं जेवण गेलं. रावांचं नाव मात्र छापून आलं: 'जीवदयेचा आदर्श'.

भिक्षू गेला त्याच संध्याकाळी गंगुबाईंनी स्वतः जाऊन मालनला सांगितलं, देवी नव्हेत, ढेकूण. तेव्हा तिनं पोर पुढं केलं. दगडूचे दोन्ही हात केळीच्या पानांत गुंडाळलेले.

"ठेव पाळण्यात," तो म्हणाला, आणि पाळण्याची दोरी त्यानं पायाच्या अंगठ्यात धरली.