त्याग, वात्सल्य, सोशिकता

नाझनीन उत्तर लिहायला बसली की आधी कोऱ्या कागदावरून तळवा फिरवायची, परातीतलं पीठ सारखं करावं तसा. जानेवारीचं कोवळं, पांढुरकं ऊन समोरच्या पत्र्यावरून उसळून तिच्या हातावर पडायचं आणि पळस्प्याकडे निघालेल्या ट्रकांच्या घरघरीनं आमच्या क्लासच्या प्लायवूडच्या भिंती थरथरत राहायच्या. बाकीची मुलं माझ्या तोंडाकडे बघत. ही कवितेकडे बघायची.

पनवेलच्या या गाळ्यात मी वीस वर्षं दहावीला कविता शिकवते. शिकवते कसली, मुद्दे उतरवून देते! कवितेत आई आली की त्याग, वात्सल्य, सोशिकता; तिन्ही शब्दांखाली पट्टीनं रेघ, कारण तपासणाऱ्याची नजर रेघेवरच थांबते. मीही पेपर तपासते, मला ठाऊक आहे. हे कुंपण मीच घातलं, आता मलाच त्यातून बाहेर पडता येत नाही, आणि याचा मला मनस्वी राग येतो.

सराव परीक्षेत भाकऱ्या थापणाऱ्या आईची एक कविता होती. नाझनीननं लिहिलं की ही आई सोशिक नाही, रागावलेली आहे. घरातले सगळे जेवून उठेपर्यंत ती एकदाही मान वर करत नाही. ते उत्तर मी दोनदा वाचलं. इतक्या वर्षांत असं रसग्रहण माझ्या हाती लागलं नव्हतं. आणि मी त्याला चारांपैकी एक गुण दिला.

ती पेपर घेऊन आली, पण भांडायला नव्हे. वडील कुवेतला, आई घरी दिवसभर कपडे शिवणारी, पोरीला सायन्सला जायचं. एकेक गुण मोलाचा. खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, माझी अम्मी पण अशीच मान खाली घालून शिवते. ती सोशिक नाय, मला माहितेय."

तुझंच खरं आहे, एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं. पण बोर्डाचा पेपर कुणाच्या हाती पडेल या धास्तीनं मी म्हणाले, "परीक्षेत आपले ठरलेले मुद्देच लिही."

तिनं मान डोलावली. त्यानंतर ती कागदापाशी रेंगाळली नाही. माझं वाक्य संपायच्या आत तिची रेघ मारून झालेली असे.

निकाल उत्तम लागला. हवं ते कॉलेज मिळणार म्हणून ती पेढे घेऊन आली, आणि मलाही मनापासून आनंद झाला. सहज विचारलं, अम्मी कशी आहे?

"बरी आहे, बाई. खूप सोशिक आहे ती."

उरलेला पेढा मी कागदात गुंडाळून ठेवला. तो पेपर केव्हाच रद्दीत गेला असेल. दरवर्षी नव्या मुलांना मी तेच तीन शब्द सांगते, आणि मी कधीही न पाहिलेली ती बाई, मान खाली घालून, माझ्यावर अजून रागावलेली असते.