अकरा एक

मंगळवारी सकाळी सोलापुरात मिलचा दुसरा भोंगा झाला, तेव्हा ईरप्पा मास्तर ओसरीवर भागाकार करत बसले होते. शेजारी त्यांची लेक नीलम्मा त्यांची वही नव्या वहीत उतरवत होती. सहा वर्षं एकच संख्या चालली होती : अकरा वेळा एक. ११,११,११,११,१११. ती मूळ संख्या आहे, तिला कशानंच भाग जात नाही, हे मास्तरांना दाखवायचं होतं. भाग गेलाच तर एकापासून बावीस-बावीसनं पुढं जाताना लागणाऱ्या मूळ संख्यांपैकीच कुणाचा तरी जाईल, एवढं त्यांनी शोधलं होतं. लाखाच्या थोडं पुढपर्यंत, म्हणजे गरज होती तिथवर, बावीस-बावीसच्या अंतरानं येणारे सगळे आकडे वहीत मांडून, एकेक खोडत ते शेवटच्या पानावर आले होते.

नीलम्माची लेखणी अडली. २१६२७ नंतर वहीत २१४६९ होता. बावीस मिळवले तर २१६४९ हवा. अप्पांच्या हातून आकडे उलटे पडले होते. वर तो चुकीचा आकडा सातानं भागला जातो, म्हणजे मूळ नाही, म्हणून त्यांनी न तपासताच खोडला होता.

“अप्पा, ह्या ओळीत...”

“उतरव की गुमान. भागाकारात तू पडू नको. हातचा विसरतीस.”

नवव्या वर्षी ती एकदा हातचा विसरली होती. आता तिची छत्तिशी उलटली, घरातली तीन कपाटं पुस्तकं वाचून झाली, तरी पाहुण्यांपुढं अप्पांचा हा विनोद चालूच होता.

ती आत गेली. पाटीवर अकरा एकांना २१६४९ नं भागायला घेतलं. ५१३२३९ वेळा, बाकी शून्य. पुन्हा मांडला. शून्य. तिचे कान तापले. बसा तुमच्या वहीला कवटाळून, असं मनाशी म्हणत तिनं पाटी पुसली आणि बाहेर येऊन २१४६९ जसाच्या तसा उतरवला.

संध्याकाळी मास्तरांनी शेवटचा आकडा खोडला. स्वतः जाऊन हेडमास्तरांना सांगून आले. शेंगाचटणीशी एक भाकरी जास्त खाल्ली. पहाटे अंथरुणातच गेले.

पाचव्या दिवशी शाळेत शोकसभा भरली. हेडमास्तर बसवराजअण्णा बोलायला उठले.

“जिला कशानंही भाग जात नाही, ती संख्या मास्तरांच्या नावाखाली दगडावर कोरायची. पाथरवट उद्या येतोय. आणि नीलम्माताईंनी वही काय उतरवलीय! अक्षर बघा, अक्षर!”

सगळे माना डोलवू लागले. नीलम्मा उठली.

“दगड कोरू नका. भाग जातो. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं.”

“ताई, दुःखात माणसाचं...”

“दुःखात नाही, अण्णा. रागात आहे मी.”

ती टेबलावरच्या फोटोकडं वळली.

“अप्पा, आता तरी ऐका. आकडे तुमचे उलटे पडले. मला दिसलं, आणि मी मुद्दाम गप्प बसले. भागाकार मी केला, दोनदा केला. आणि हातचा विसरले नव्हते.”