सात नंबरचा रांजण

मी नगरपालिकेच्या वस्तुसंग्रहालयाची इमारत बोलतेय. परभणी जिल्ह्यातल्या एका लहान तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोर मी उभी आहे.

मला निजामाच्या राज्यात बांधलं, करोडगिरी नाक्यासाठी. येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर इथं कर घेत. म्हणून माझ्या भिंती दोन हात जाड, काळ्या दगडाच्या आणि चुन्याच्या. खिडक्या उंचावर, कोणी त्यातून पोतं सरकवू नये म्हणून. वर सागवानी तुळया आणि पांढऱ्या मातीचं माळवद. त्यामुळे भर उन्हाळ्यातही मी आतून गार असते. तेव्हाच्या कारकुनांना याचा उपयोग झाला. ते दुपारी झोपत.

राज्य गेलं, नाका गेला. मग काही वर्षं माझ्यात खताची पोती होती. सत्तर साली नगरपालिकेने मला चुना लावला आणि संग्रहालय केलं. गोदाकाठच्या भंगलेल्या मूर्ती आल्या, दोन तलवारी, एक जातं, आणि नांगरताना सापडलेला एक जुना रांजण. यादीत त्याचा नंबर सात. मागच्या खोलीत कलादालन निघालं. त्यात ड्रॉइंगचे मास्तर तात्याराव यांची तीन चित्रं आहेत. तिन्ही येलदरी धरणाची आहेत.

उद्घाटनाला पुष्कळ लोक आले. त्यानंतर कोणी फारसं आलं नाही.

राखणदार सिताराम वारला, तेव्हा त्याच्या जागी त्याची बायको पंचफुलाबाई हिला हंगामी घेतलं. छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर. सासू आणि दोन मुली तिच्यावरच. कुलूप उघडायचं, झाडायचं आणि रजिस्टरात सह्या घ्यायच्या, एवढं काम. वर्षभरात सह्या झाल्या अकरा. त्यातल्या चार तात्यारावांच्या.

मग पत्र आलं. संग्रहालय बंद करून इथं जकात नाका करायचा विचार आहे, औरंगाबादचे साहेब बघून ठरवतील. जकात नाक्यावर बाई ठेवणार नव्हते.

तो बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. स्टँडचा नळ कोरडा. माझ्या अंगणातल्या आडाला मात्र पाणी होतं. पंचफुलाबाईने सात नंबरचा रांजण घासला, दोन हमालांकडून दाराशी ठेवून घेतला आणि भरला.

लोक येऊ लागले. पाणी पीत, सही नाहीतर अंगठा करत, आणि गंगाखेडची गाडी लागेपर्यंत मूर्ती बघत.

एकदा पेडगावचे मोठे शेतकरी आबासाहेब आले. पेला हातात घेऊन थांबले.

"पाणी कोण भरतंय?"

पंचफुलाबाई म्हणाली, "नगरपालिका."

त्यांनी विचार केला. बाहेर ऊन होतं. दोन पेले प्यायले आणि सही केली. पुढच्या खेपेला त्यांनी विचारलं नाही.

जूनमध्ये साहेब आले. आल्या आल्या तीन पेले पाणी प्यायले. मग यादी घेऊन एकेका वस्तूपुढे खूण करत निघाले. सहा नंबरच्या वस्तूनंतर थांबले.

"सात नंबर कुठंय? सगळ्यात जुनी वस्तू तीच आहे."

"त्यातलंच पाणी पिलात की साहेब."

साहेब रांजणाकडे बघत राहिले. असल्या वस्तू वापरायच्या नसतात, बघायच्या असतात, असं त्यांनी सावकाश समजावलं. नोकरी गेलीच असं धरून बाई सरळ बोलली.

"त्या जात्यावर कोण दळत न्हाई. तलवारी गंजल्यात. ह्या एकट्याला अजून काम जमायलंय, साहेब. मला बी."

साहेबांनी रजिस्टर उघडलं. दोन महिन्यांत चौदाशे सह्या आणि अंगठे. अभिप्रायाच्या रकान्यात बहुतेकांनी लिहिलं होतं, 'पाणी गार आहे.' एकाने लिहिलं होतं, 'धरण चांगलं काढलंय.' साहेबांनी चौथा पेला मागितला.

पोळ्याच्या सुमारास पत्र आलं. संग्रहालय चालू ठेवावे. राखणदार बाईस कायम करावे. सात नंबरच्या चिठ्ठीत दुरुस्ती करावी. ती अशी: 'मातीचा रांजण. काळ: अतिप्राचीन. स्थिती: वापरात.'

आता एकोणऐंशी साल आहे. माझ्या माळवदावर गवत उगवतं. ते काढायला वर कोणी चढत नाही. पंचफुलाबाई मात्र रोज दहाला कुलूप उघडते.

गाडीला वेळ असेल तर आत या. पाणी प्या. मग एकदा मान वर करून माझ्या तुळयांकडे बघा. त्यांच्याबद्दल रजिस्टरात अजून कोणी काही लिहिलेलं नाही.