गाडीतला वास

आईबरोबर तिच्या गाडीत शेवटची बसले ती शनिवारी. किसुमूच्या विमानतळावर ती मला घ्यायला आली होती. गाडीत बसल्याबरोबर मी काच खाली केली.

“काच लाव गं, धूळ येते. एसी लावलाय.”

“एसीतून फुंकरसुद्धा येत नाही, आई. आणि सगळ्या गाडीला ओमेनाचा वास. विकून टाक ही आता.”

“इतकं नाजूक नाक कुठून आणलंस, आडेरो? माझ्या माहेरचं तर नाही.” ती हसली. मग तिनं एसीच्या झडपेसमोर हात धरून पाहिला.

ओमेना म्हणजे आमच्या सरोवरातली करंगळीएवढी चंदेरी मासळी. ती वाळवायची, पोत्यांत भरून या गाडीतून बाजारात न्यायची, मापट्यानं विकायची. आईनं जन्मभर हेच केलं. रविवारी चर्चमधून आली आणि बसल्या जागी गेली.

दफनाला माझ्या विभागप्रमुख, वांगेची, नैरोबीहून येणार होत्या. माझी आई ‘व्यापार’ करते, एवढंच विद्यापीठात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांना याच गाडीतून आणायचं होतं. म्हणून आदल्या दिवशी मी एसीचा नवा फिल्टर घेऊन आले. डाव्या सीटसमोरचा खण रिकामा केला, दोन्ही बाजूंनी दाबून खाली उतरवला.

अंगणात मांडव बांधून घेत असलेला ओडोंगोमामा डोकावला. “काय मोडतेयस?”

“फिल्टर बदलतेय, मामा. जुना वासानं भरला असेल.”

“जुना कुठला? तू येणार म्हणून तुझ्या आईनं शुक्रवारीच नवा बसवला. मी म्हटलं, मेकॅनिकला दे. तर म्हणे, अख्खी पोरगी एकटीनं वाढवली, ही एवढीशी जाळी बसवायला माणूस कशाला?”

खणामागचं अरुंद झाकण काढून मी फिल्टर ओढला. पांढराशुभ्र होता. दुकानातून आला तसाच, प्लास्टिकच्या पिशवीत. हवा त्या पिशवीवर अडत होती.

मामाला हसू फुटलं. ते त्यानं तसंच गिळलं. “पिशवीवर लिहिलं असेल की, काढून टाका म्हणून,” तो हळूच म्हणाला. “पण तिला कुठं वाचता येत होतं.”

मला मान वर करवेना. घरात माझी पुस्तकं छतापर्यंत रचलेली आहेत. त्यांतलं एकही मी तिला कधी वाचून दाखवलं नव्हतं.

पिशवी फाडून मी तिचाच फिल्टर परत बसवला. एसी लावला. वारा भरभरून आला. वास मात्र गेला नाही. तो गाद्यांतच मुरला होता.

दुसऱ्या दिवशी वांगेची गाडीत बसल्या. रस्त्याला लागल्यावर संकोचून म्हणाल्या, “कसला तरी वास येतोय का? की मलाच भास होतोय?”

माझा हात काचेच्या बटणापर्यंत गेला. मी तो मागे घेतला.

“भास नाही. ओमेना आहे,” मी म्हणाले. “माझी आई बाजारात सुकी मासळी विकायची. मी शिकले ती त्यावरच.”