सहीखालची तारीख

तिला कोणाचंच खरं वाटत नसे, आणि सरकारनं तिला ठेवली होती तीही त्याचसाठी. कंपनी नोंदणी कार्यालयात ती तपासनीस होती. कंपनीनं कागदावर पत्ता दिला, तर त्या पत्त्यावर दार आहे का, दाराला पाटी आहे का, पाटीमागे माणूस आहे का, हे बघून येणं तिचं काम. संचालक म्हणून नावं दिलेली माणसं हयात आहेत का? सभा भरली म्हणतात, ती खरंच भरली का? वीस वर्षांत तिनं जिन्याखालच्या मोरीला लावलेली कंपनीची पाटी पाहिली होती, आणि मरून वर्ष उलटलेल्या संचालकाची गेल्या आठवड्यातली ताजी, टवटवीत सहीसुद्धा. कार्यालयात तिला मागे सगळे ‘भिंग’ म्हणत. पुढे म्हणायची छाती एका रेकॉर्डवालीचीच.

पण भिंग दप्तरात ठेवून घरी जाता येत नाही. डोळा तोच असतो, घरी येतो, जेवायला बसतो. गेले चार महिने तो डोळा तिच्या वडिलांवर होता.

बाबा दर मंगळवारी सकाळी शर्टाला इस्त्री करत. कॉलर दोनदा. मग अकराच्या सुमारास निघत आणि दोनला परत येत, ते गुणगुणतच.

“कुठे जाऊन आलात?”

“जरा काम होतं.”

सत्तरी ओलांडलेल्या, बायको गेलेल्या, नाकासमोर चालत आयुष्य काढलेल्या माणसाला मंगळवारचंच काय काम असावं? तिनं रेकॉर्डवालीला विचारलं.

“अगं, म्हाताऱ्यानं कुणीतरी शोधली असेल,” रेकॉर्डवाली म्हणाली. “इस्त्री करतो ना? मग झालं. आमच्या ह्यांनी लग्नानंतर इस्त्रीला हात लावलेला नाही.”

ती हसली; पण त्या संध्याकाळी बाबा फिरायला गेल्यावर तिनं त्यांच्या शर्टाचा खिसा चाचपला. दुमडलेला कागदी रुमाल निघाला, त्यावर बिस्किटाचा चुरा. आपल्याच बापाची झडती घेतली, म्हणून तिची तिलाच शरम वाटली. पण रुमाल तिनं उलटून पाहिलाच.

बाबा छत्तीस वर्षं एका कचेरीत आवक-जावक कारकून होते. आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का, शिक्क्याखाली सही, सहीखाली तारीख. गेलेल्या कागदाचंही तेच. नोकरी सुटली तरी हात सुटला नव्हता. घरात बल्बवर तारीख होती, घड्याळाच्या सेलवर तारीख होती, नव्या चपलेच्या तळाला, झाडूच्या मुठीला, साबणाच्या वेष्टनालाही तारीख होती. एकट्या आईच्या फोटोमागे नव्हती. एकदा तिनं विचारलं, तर म्हणाले, “ती काय आवक-जावक आहे?” आणि ते गुणगुणायचे ते त्यांनीच कचेरीत बसून जुळवलेलं:

कागद आला दारी, त्याला तारीख लावावी,
माणूस गेलं दूर, त्याची वाट पाहावी.

त्या सोमवारी साहेबांनी तिच्या टेबलावर फाइल ठेवली. “अकरा कंपन्या आहेत आणि पत्ता एकच. खोली एक. जाऊन ये.”

शिंप्याच्या दुकानावरचा दुसरा मजला. जिना अरुंद, कठडा गुळगुळीत. खोलीची किल्ली शिंपिणीकडेच असायची. तिनं दार उघडून दिलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

“इथं कोण येतं?” तपासनीस बाईंनी विचारलं.

“कोण येणार? एक सल्लागार येतात. आणि मंगळवारी एक आजोबा. बिचारे चहा पितात, कप स्वतः विसळतात.”

मंगळवार म्हटल्यावर तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. कितीतरी आजोबांना मंगळवार असतो, असं तिनं स्वतःला बजावलं आणि ती आत गेली.

लांब टेबल, सात खुर्च्या. सहा खुर्च्यांवर दुकानातून आलेलं प्लॅस्टिक तसंच होतं. सातवीवरचं बसून बसून चुरगळलेलं, फाटलेलं. म्हणजे सात संचालकांच्या सभेला इथे एकच माणूस बसत होता. कपाटात अकरा वह्या होत्या, सभांच्या इतिवृत्ताच्या. तिनं पहिली उघडली. गेल्या वर्षातल्या नऊ सभा, नऊ पानं, प्रत्येक पानावर टाइप केलेला मजकूर आणि खाली अध्यक्षांची सही.

ती सही तिनं पहिलीपासून दहावीपर्यंतच्या प्रगतिपुस्तकांवर पाहिली होती. पहिल्या अक्षरावर छत्रीसारखी रेघ, शेवटच्या अक्षराखाली वळसा. आणि वळशाच्या पोटात, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेली तारीख.

ती खुर्चीवर बसली, मग कुठल्या खुर्चीवर बसलोय हे लक्षात येऊन उठली.

पहिला विचार आला तो भिंगाचा. बाबा यात सामील आहेत. चार महिने, इस्त्री, गुणगुणणं, “जरा काम होतं.” वीस वर्षं ज्यांना ती पकडत आली, ती माणसंही घरी असंच सांगत असतील.

मग तिनं वही खिडकीशी नेऊन तारीख वाचली. पान उलटलं, पुन्हा वाचली. वर सभेची तारीख दर पानाला निराळी, पण सहीखाली नऊच्या नऊ ठिकाणी एकच: तीन आठवड्यांपूर्वीचा मंगळवार. नऊ सभांच्या सह्या एका बैठकीत झाल्या होत्या, आणि सही करणाऱ्यानंच ते प्रत्येक पानावर लिहून ठेवलं होतं. सह्या घेणाऱ्याला ती सहीची लपेटी वाटली असणार.

“ताई, तुम्ही आधी कळवलं असतं तर चहा तरी सांगितला असता.”

दारात सल्लागार उभा होता. शिंपिणीनंच फोन केला असावा; ती तोंड चुकवून खाली निघून गेली. पन्नाशीचा, चापूनचोपून केस बसवलेला, हसरा माणूस. लोकांना कंपन्या काढून देणं हा त्याचा धंदा. कंपनी ज्यांची, त्यांचं नाव कागदावर कुठेच नसे. वेळ आली तर सही करणारा अडके.

“वही मी ताब्यात घेतेय,” ती म्हणाली. “पोच देते.”

“घ्या की. तुमचंच घर.” तो सहाव्या खुर्चीवर बसला, प्लॅस्टिक करकरलं. “बाबा कसे आहेत? गेल्या मंगळवारी जरा खोकत होते.”

तिनं पोच लिहायला घेतली.

“तुमच्यासारखी मुलगी असल्यावर त्यांना काळजी कसली? आणि त्यांच्यासारखा अध्यक्ष असल्यावर आम्हाला तरी कसली?” त्यानं बॅगेतून एक कागद काढून टेबलावर सरकवला. “राजीनामा आहे. गेल्या वर्षीची तारीख टाइप केलीय. बाबांची फक्त सही आणा. उद्या ही वही मला परत द्या, मी नवी करतो. तीत त्यांचं नाव नसेल, तुमच्या फाइलला डाग नसेल. आपण घरचीच माणसं.”

कागद तिथेच फाडायला हवा होता. समोरच्याचा कागद तिनं वीस वर्षांत कधी स्वतःच्या पर्समध्ये ठेवला नव्हता. त्या दिवशी ठेवला. जिना उतरताना पर्स इतकी जड वाटली की तिनं ती दुसऱ्या खांद्यावर घेतली.

दिवेलागणीला ती घरी पोचली. बाबा स्टुलावर उभे राहून बल्ब बदलत होते, जुन्या बल्बवरची तारीख वाचून म्हणाले, “चौदा महिने चालला. बरा चालला.”

“बाबा, खाली उतरा. इथे एक सही करा.”

एवढंच म्हणायचं असं तिनं वाटेत ठरवलं होतं. समजावणं नको, विचारणं नको. म्हातारं माणूस आहे, मुलीनं सांगितलं तर करेल. पण ते छत्तीस वर्षं कागद न वाचता पुढे न ढकलणारे गृहस्थ. चष्मा लावला, कागद दिव्याखाली धरला, सावकाश वाचला.

“तुला हे कुणी दिलं?”

“त्या सल्लागारानं. आज मी त्या खोलीत गेले होते. कामावर.”

त्यांनी कागद खाली ठेवला. मग अपराध्यासारखे म्हणाले, “तुला सांगणारच होतो. वर्षभर झालं की सांगणार होतो. वाचनालयात भेटला मला. म्हणाला, तुमच्यासारख्या अनुभवी माणसाची गरज आहे. अध्यक्ष व्हा. खुर्ची आहे तिथे माझी.”

“त्या सभा झाल्याच नाहीत, बाबा. तुम्ही वाचलं नाहीत?”

“वाचलं. शुद्धलेखनाच्या अकरा चुका काढून दिल्या. विचारलंही, ही सभा कधी झाली? तर म्हणाला, राहून गेलेलं काम आहे, पूर्ण करतोय. राहून गेलेलं काम मी जन्मभर पूर्ण केलं, मला त्यात काय वाटणार? म्हटलं, पण तारीख मी आजचीच घालणार. तो म्हणाला, तारीख घालूच नका.”

“मग?”

“मग काय. हात आहे माझा. त्याला सांगून थोडाच थांबतो?”

तिला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही तिनं गिळलं. सामील माणूस आपल्याच सहीखाली पुरावा ठेवत नाही. खिशातला तो रुमाल तिला आठवला, आणि तिनं मान खाली घातली.

बाबा कागदाकडे बघत होते. “मला एक सांग. तू माझी मुलगी, हे त्याला आज कळलं?”

खोटं बोलता आलं असतं. पण ज्या घरात झाडूलासुद्धा खरी तारीख, त्या घरात ते जिभेवर येईना.

“वाचनालयात त्यानं पहिलं काय विचारलं, ठाऊक आहे? मुलगी काय करते. मी तर छाती फुगवून सांगितलं.” त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “म्हणजे त्याला मी नको होतो. तुझा बाप हवा होता.”

तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला. त्या हाताला इस्त्रीचा एक जुना चटका होता, कॉलरच्या नादात बसलेला.

“सही करू नका,” ती म्हणाली. “मी आणायलाच नको होता हा कागद. पण केली नाहीत तर तुम्हाला नोटीस येईल. चौकशीला बोलावतील. नाव जाईल तुमचं, बाबा.”

“आणि केली तर?”

“तर माझं जाईल. नुसतं कुणाला दिसणार नाही.”

त्यांनी पेन उघडलं. तिनं हात पुढे केला, पण उशीर झाला होता. छत्रीसारखी रेघ, शेवटचा वळसा, आणि वळशाच्या पोटात आजची तारीख. त्यांनी या वेळी ती मोठी लिहिली, शाळेच्या फळ्यावर लिहितात तशी. वर टाइप केलेल्या गेल्या वर्षीच्या तारखेखाली ती कशी दिसत होती, हे सांगायला भिंग लागत नव्हतं.

“हं. आज सोडलं काम, आजच लिहिलं. आता हा कागद त्याच्या काही उपयोगाचा नाही, तुझ्या आहे. हा घे, आणि माझं निवेदनही लिहून घे.”

“मला घेता येणार नाही. मी मुलगी आहे तुमची. ही फाइल मला सोडावी लागेल.”

“मग आवकला देतो,” बाबा म्हणाले. “तिथे कुणी कुणाची मुलगी नसते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शर्टाला इस्त्री केली. कॉलर दोनदा. गुणगुणले मात्र नाहीत.

तिनं साहेबांपुढे वही ठेवली, राजीनामा ठेवला, आणि फाइलीतून बाजूला होण्याचा अर्ज ठेवला. ‘संचालकाशी नाते’ या रकान्यात तिनं ‘मुलगी’ लिहिलं होतं. साहेबांनी तो शब्द दोनदा वाचला. “कागद काल घरी का नेलास?” त्यांनी विचारलं. तिनं खरं ते सांगितलं. ते म्हणाले, “तेही लेखी दे.” ती लिहायला बसली.

लिहून बाहेर आली तेव्हा आवकच्या खिडकीपुढे रांग होती. बाबा रांगेत चौथे होते, निवेदन छातीशी धरून. ती खांबाआड उभी राहिली. रेकॉर्डवाली येऊन शेजारी थांबली आणि या खेपेला काहीच बोलली नाही.

खिडकीतल्या कारकुनानं कागद घेतला, न बघता शिक्का मारला आणि ट्रेमध्ये टाकला.

“पोच द्या,” बाबा म्हणाले.

“आजोबा, पोच कशाला? कागद काय पळून जातो?”

“पळतात. मी पळताना पाहिलेत.”

कारकुनानं उसासा टाकून प्रतीवर दुसरा शिक्का मारला. बाबांनी ती उजेडात धरली, शिक्का तिरका पडला होता. त्यांची जीभ वळवळलेली तिला खांबाआडूनही दिसली, पण ते काही म्हणाले नाहीत. शाईवर हलकी फुंकर घालून त्यांनी कागद घडी न करता फाइलीत ठेवला.

“चौकशीला कधी यायचं?”

“कळवतील.” कारकुनानं पुढच्याचा कागद ओढला, मग म्हाताऱ्याच्या कडक कॉलरकडे पाहून जरा नरमला. “तसं मंगळवारी साहेब असतात. पुढच्या मंगळवारी येऊन बघा.”

“चालेल,” बाबा म्हणाले. “मंगळवारी मी आता मोकळाच असतो.”