सौनाबाहेरचा भाव

हिल्काने मोहरीची बाटली आणि सॉसेजचं ताट बाजूला सारलं आणि व्हरांड्यातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला. पाच वाजले. शाळेच्या छपराला लागणाऱ्या लाकडी तुळयांसाठी ऑनलाइन भाव भरायची मुदत संपली. तळ्याकाठच्या सौनात, त्या लाकडी वाफघरात, पुरुषमंडळी अजून वाफ घेत होती, त्यांचं हसणं इथवर ऐकू येत होतं.

ओस्मोच्या बांधकाम कंपनीत ती एकोणीस वर्षं खरेदी पाहत होती. म्हणजे नुसती पाहतच होती. दर शरदात ओस्मो माल पुरवणाऱ्यांना आपल्या या तळ्याकाठच्या घरी बोलवायचा. सौनात आधी पुरुष जायचे, मग बायका. बायकांची पाळी येईपर्यंत वर्षभराची खरेदी आत ठरून गेलेली असायची आणि हिल्काच्या वाट्याला फॉर्म भरणं उरायचं. यंदा मात्र ती हटूनच बसली. भाव ऑनलाइन मागवायचे, एकाचा आकडा दुसऱ्याला दिसणार नाही.

"एकदाच," ओस्मो म्हणाला होता. "माझ्या शब्दावर ठरतं त्यापेक्षा स्वस्त पडलं नाही, तर ते बंद. आणि तू परत बिलांच्या टेबलावर."

आता तो लालबुंद होऊन, टॉवेल गुंडाळून पायऱ्या चढत आला. मागे तौनो होता, तुळयांच्या कारखान्याचा मालक, ओस्मोचा जुना दोस्त.

"तुळयांचं ठरलं," ओस्मो खुर्चीत बसत म्हणाला. "तौनो देतोय. चार लाख बारा हजार. गेल्या वेळचाच भाव, मैत्रीखातर एक युरो वाढवला नाही पठ्ठ्याने. हातात हात दिलाय मी. तुझ्या त्या पेटीत काय आलंय?"

"तीन लाख एकसष्ट हजार."

"कोणाचा?"

"नाव वाचा."

ओस्मोने टॉवेलच्या टोकाने चष्मा पुसला. वाचलं. पुन्हा वाचलं. तौनो सॉसेजला मोहरी लावत होता, त्याचा हात थांबला.

"तौनो, हे तू भरलंस?"

"सकाळी."

"आणि आत मला चार बारा सांगितलंस?"

"आत तुळयावाला मी एकटाच होतो ना," तौनो म्हणाला. त्याला लाज वाटत होती, पण खोटं बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता. "तिकडे ऑनलाइन कोण बसलंय ते दिसत नाही. एस्टोनियावाले असतील, स्वीडिश असतील. तीन दिवस आकडा कापत बसलो."

"म्हणजे इतकी वर्षं तू मला..."

"इतकी वर्षं तू विचारलंच नाहीस."

तौनोने सॉसेज खाली ठेवलं.

"पण हात दिलायस, ओस्मो. आजवर तू कधी शब्द फिरवला नाहीस."

हे खरं होतं, आणि ते ओस्मोला लागलंही. तो तळ्याकडे पाहत राहिला. हिल्काने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. तिने आवाज चढवला नाही.

"हात त्यांनी दिला," ती तौनोला म्हणाली. "ऑर्डरवर सही माझी लागते, आणि मी तीन एकसष्टवरच करणार. शब्द पाळायचाच असेल तर वरचे एक्कावन्न हजार त्यांनी खुशाल स्वतःच्या खिशातून द्यावेत."

तौनो हसला.

"ओस्मो, या बाईला तू इतकी वर्षं सॉसेज भाजायला बसवलंस?"

"ती तिथेच बरी होती," ओस्मो पुटपुटला.

"मी नाही आता तिथे बसणार," हिल्का म्हणाली.

तौनोने हात वर केले. "ठीक आहे, तीन एकसष्ट. पण एवढं सांग, हिल्का, दुसरा कोण होता? थोडक्यात वाचलो का मी?"

"ते सांगता येत नाही. नियम आहे."

"ओस्मो, तू तरी बघून सांग."

ओस्मो लॅपटॉपवर वाकला. तौनोच्या नावाखालची ओळ रिकामी होती. तिच्या खालचीही. तौनोखेरीज कोणीच भाव भरला नव्हता. त्याने मान वर करून हिल्काकडे पाहिलं. ती नजर न वळवता त्याच्याकडेच बघत होती.

ओस्मोने लॅपटॉप मिटला.

"नियम आहे, तौनो," तो म्हणाला. "आणि हिल्का, सोमवारी खिडक्यांचे भावही यातच मागव."