सात नंबरचा डोळा

मुरलीधरनानाचं सकाळपासून कशात ध्यान नव्हतं. पीच कापायला बसलेला, आणि सुरी फळावर कमी, अंगठ्यावरच जास्त फिरत होती.

"नाना, बोट कापशील की!" मी म्हणालो.

"बोटाचं काय घिऊन बसलास दत्तू? आज ती बाई माझी मानच कापणार हाय."

बाई म्हणजे अपर्णा मॅडम. मूळच्या पुण्याच्या, आता दुबईच्या पलीकडं, रास अल खैमाच्या डोंगराखालच्या या पीचच्या मळ्याच्या मॅनेजर. मी इथं ठिबकचं पाणी बघतो, नाना झाडांना कलमाचे डोळे भरतो. मंगळवेढ्याकडं बोरीला डोळे भरण्यात त्याची हयात गेली. मॅडमनीच त्याला हुडकून, स्वतःच्या शब्दावर इथं आणला. आज जबल अलीच्या डबाबंद फळांच्या कारखान्यातनं फरदीनसाहेब यायचे होते. ते मळ्याचं पहिलंच फळ पाकात उकळून बघणार. पसंत पडलं तर ठीक, नाही तर मालक सगळी झाडं उपटून खजूर लावणार होता.

"भ्यायचं कशाला? फळ तर गोड हाय," मी म्हणालो.

"तिथंच घाण झालीया रं." नाना मागंपुढं बघत हळू बोलला. "दोन वर्सामागं मॅडम म्हणाल्या, नमुन्याच्या झाडांपैकी चार नंबरच्या झाडाचे डोळे भरा. झाडांच्या बारा वळींतली पयली वळ भरली. तवर त्या चारच्या झाडावरचं फळ पिकलं, म्हणून चाखलं. कडक, चिवट, आन् बाठा सुटंना! सात नंबरचं चाखलं तर रस पार कोपरापतूर, बाठा आपसूक हातात, आतनं लालभडक. म्हटलं, बाई शिकलेली हाय, पर तिला चव काय कळती? उरलेल्या अकरा वळी सातच्याच भरल्या."

"आन् इचारलं न्हाईस?"

"आमच्याकडं झाड चाखल्याबिगर डोळा घेत न्हाईत. त्यात इचारायचं काय?"

तेवढ्यात फाटकाशी गाडी वाजली. नाना ताडकन उठला आणि पंपाच्या खोलीकडं निघाला. मी त्याचा दंड धरला.

"लपून काय हुनार? सांगून टाक."

"परत धाडतील रं! गावात त्वांड कसं दावू? आन् माझ्यापायी मॅडमची बी नोकरी जाईल."

फरदीनसाहेब उतरले ते थेट पाकाच्या शेगडीशी, मॅडम फाइल घेऊन मागोमाग. "यल्ला मुरलीभाई, माल दिखाओ!"

फोडी पाकात पडल्या. दहा मिनिटांत त्यांच्या कडा विरल्या, आतला लाल रंग तपकिरी झाला आणि पाक गढुळला. साहेबांनी पाकात डाव फिरवला.

"ये तो खलास, मॅडम. डिब्बे में जॅम बन जायेगा."

मॅडम पातेल्यावर वाकल्या. "मुरलीधर, हे चार नंबरचंच आहे ना?"

नानानं एकदा पंपाच्या खोलीकडं बघितलं. आता हा पळतो, असं मला वाटलं.

"न्हाय मॅडम. माझी चूक झाली." आणि नानानं सगळं सांगून टाकलं. मग म्हणाला, "पर पयली वळ तुमचीच हाय. तिला हात लावला न्हाय."

मी पळत जाऊन त्या वळीतली फळं तोडून आणली. नवा पाक उकळला. दहा मिनिटं झाली तसा साहेबांनी डाव बाहेर काढला. फोड पिवळीधमक, कडा जशाच्या तशा, आणि पाक नितळ.

"हां, ये चाहिये! सारे पेड़ ऐसे बनाओ, फिर इन्शाल्ला बात पक्की."

साहेब गेले. मॅडमनी फाइल मिटली.

"मला तोंडात विरघळणारं फळ नको होतं, मुरलीधर. डब्यात शाबूत राहणारं हवं होतं. एकदा विचारायचं तरी!"

नानानं गढुळलेल्या पाकाचं पातेलं उचलून बाजूला ठेवलं.

"मालकांकडून मी वेळ मागून घेते. उद्यापासून अकरा वळींतल्या झाडांची डोकी उतरवा. नवीन फूट आली की चारचे डोळे भरा. आणि या वेळी चाखायचं नाही."

दुसऱ्या दिवशी नाना तोंडाला रुमाल बांधून करवत चालवत होता. झाडं फळांनी लगडलेली होती, फांदी पडली की फळं फुटून वास सुटायचा.

"धुळीसाठी का रं नाना?"

"धूळ कसली?" करवत न थांबवता तो म्हणाला. "एक जरी चाखलं ना दत्तू, तर फुडचं झाड कापवायचं न्हाय मला."